टिकलीचा उपास

मैत्री आणि राहुल,

गेल्या रविवारी फोनच्या पडद्यावर तुम्ही टिकलीला पाहिलंत. समोर सोडलेल्या रातकिड्याकडे पाठ करून ती कोपऱ्यात बसली होती. मी रातकिडा परत उचलून घेतला, तेव्हा मैत्री, तुझे डोळे भरून आले. आणि राहुल, तू विचारलंस की टोरांटोहून तिच्यासाठी काही खाऊ पाठवता येईल का. विचार चांगला आहे, पण टपालखातं जिवंत रातकिडे घ्यायला तयार होईलसं वाटत नाही. तिला काही झालेलं नाही, असं मी म्हणाले खरी, पण तुमच्या चेहऱ्यांवरून कळलं की ते तुम्हाला पटलेलं नाही. आज्या असं म्हणतातच, असं तुम्हाला वाटलं असणार. म्हणून हे नीट लिहायला बसले आहे.

बाहेर धानाची कापणी लागली आहे. सकाळी तलावावर धुकं असतं आणि त्या धुक्यातून विळे घेतलेल्या बाया घोळक्याने शेताकडे जातात, मोठमोठ्याने बोलत. एक तर बोलायला आवडतं म्हणून, आणि दुसरं, वाघाला आधीच कळावं म्हणून. दुपारपर्यंत कापलेल्या धानाचा वास गल्लीत येतो. ओल्या गवताचा असतो तसा, पण त्याहून कोरडा आणि थोडा गोड. हा वास आला की टिकली खायचं थांबवते. तिचा आणि धानाचा काही संबंध आहे असं शास्त्र म्हणत नाही. पण आमच्या घरात ही दोन्ही एकाच वेळी घडत आली आहेत, आणि त्यामुळे मला दर कापणीला तो पहिला हंगाम आठवतो. तेव्हा तुम्ही इतके लहान होतात की फोनच्या पडद्याला चाटायचात.

टिकलीला तुमच्या सुजयमामाने आणलं. पोळा नुकताच झाला होता. ऊर्जानगरचं वीजकेंद्राचं क्वार्टर सोडून आम्ही आजोबांच्या गावी हे घर बांधलं त्याला फार दिवस झाले नव्हते. भिंतींना अजून रंगाचा वास होता आणि माझ्या मसाल्याच्या बरण्यांवर नवी लेबलं होती. मामाने जेवणाच्या टेबलावर औषधाच्या बाटलीएवढी पारदर्शक डबी ठेवली. आत थोडा नारळाचा भुसा आणि त्यावर एक काळा ठिपका. मी चष्मा लावून पाहिलं तर ठिपक्याला पाय होते.

“आई, ही टॅरेंट्युला आहे. मोठी झाली की तुझ्या तळहाताएवढी होईल.”

“आता तर टिकलीएवढी आहे,” मी म्हणाले, आणि नाव पडलं.

आपल्या जंगलात, जुन्या झाडांच्या ढोलीत तिचे भाऊबंद राहतात. त्यांना तिथेच राहू द्यायचं असतं. हिची जात दूर देशातली, पण हिचा जन्म पुण्यात कुणाच्या तरी घरी, पेटीत झालेला. मामाला राजस्थानात सौर ऊर्जेच्या प्रकल्पावर नोकरी लागली होती. तिथे पत्र्याच्या खोलीत दिवसा भट्टी आणि पहाटे बर्फ. टिकली तिथे जगली नसती. म्हणून तो तिला माझ्याकडे ठेवायला आला होता.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती तुमच्या आईने तुम्हाला सांगितली नसेल. तेव्हा तुमचे आजोबा आणि मामा एकमेकांशी बोलत नव्हते. आजोबांनी उभं आयुष्य कोळशाच्या वीजकेंद्रात, बॉयलरच्या विभागात घालवलं. संध्याकाळी ते तुमच्या आईला आणि मामाला सायकलवर बसवून धुराड्यांचे दिवे दाखवायला न्यायचे, लोक देवळात नेतात तसे. मामालाही तिथेच नोकरी लागली होती. ती सोडून तो वाळवंटात उन्हाची वीज करायला निघाला. “कोयशावर वाढलं पोट्टं अन् आता ऊन विकाले चाललं,” एवढं आजोबा म्हणाले, आणि मग काहीच म्हणाले नाहीत. त्या संध्याकाळी दोघं एका ताटाच्या अंतरावर जेवले. मीठ माझ्यामार्फत मागितलं गेलं.

मामा गेल्यावर आजोबांनी डबीकडे पाहिलं. “हे घर आहे का म्युझियम?” असं म्हणून ते टेबलाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले. एक गुपित सांगते. ज्या माणसाने भट्टीच्या तोंडाशी उभं राहून पगार घेतला, जो आजही तलावाच्या पाळीवर वाघाचा पंजा दिसला तर वाकून त्याची बोटं मोजतो, तो माणूस कोळ्याला घाबरतो. न्हाणीघरात साधा कोळी दिसला तर बिनाअंघोळीचा बाहेर येतो.

तेव्हा टिकलीचं सगळं माझ्याकडे आलं, आणि मला ते आवडलं. मी जन्मभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं. वेळापत्रक ही मला कवितेइतकीच सुंदर गोष्ट वाटते. टिकलीचं वेळापत्रक असं होतं: आठवड्यातून दोनदा एक अगदी बारीक रातकिडा, तिच्या पोटापेक्षा मोठा कधीच नाही. उरलेलं उष्टं दुसऱ्या दिवशी चिमट्याने बाहेर. भुसा एका बाजूला किंचित ओला, दुसरीकडे कोरडा, म्हणजे तिला हवं तिथे ती बसेल. पाण्याचा एक थेंब, मग मोठी झाल्यावर बाटलीच्या झाकणात पाणी. ऊन नको, पंख्याखाली नको, आणि हातावर तर मुळीच घ्यायचं नाही. ती चावेल म्हणून नव्हे. टेबलाच्या उंचीवरून पडली तरी तिचं पोट फुटू शकतं. एवढी केसाळ, एवढी भयंकर दिसणारी बाई, आणि पडणं तिला सोसत नाही.

रातकिडे मी प्लॅस्टिकच्या बादलीत पाळले. अंड्यांचे पुठ्ठे, कणीक, गाजराचे काप. शेतातला किडा तिला द्यायचा नाही, त्याच्या अंगावर फवारणीचं औषध असतं. बादली स्वयंपाकघरामागच्या खोलीत होती. संध्याकाळी दिवे लागले की रातकिडे किरकिर सुरू करायचे आणि बाहेरच्या बांध्यांमधले, म्हणजे धानाच्या शेतांमधले, त्यांना उत्तर द्यायचे. आजोबा म्हणायचे, “आपल्या घराले आता भिंतीच नाई राह्यल्या.” तक्रारीचा सूर होता, पण थंडीची चाहूल लागली तेव्हा बादलीवर जुनी शाल त्यांनीच घातली.

मग एक दिवस डबीशेजारी तापमापक दिसला. मी ठेवला नव्हता. “यंत्र चालू आहे त रीडिंग पायजे,” एवढंच स्पष्टीकरण मिळालं. त्यानंतर रोज दुपारी जेवताना, ताटाकडे बघत आजोबा भिंतीला सांगितल्यासारखं तापमान सांगायचे. संध्याकाळी मामाचा फोन यायचा. मी ते तापमान मामाला सांगायचे. मामा म्हणायचा, “कुणी मोजलं?” मी म्हणायचे, “मोजलं कुणीतरी.” तो म्हणायचा, “बरोबर आहे, तेवढंच ठेवा.” ते ‘ठेवा’ मला एकटीला उद्देशून नव्हतं, हे मला कळायचं. मला एकटीला तो ‘ठेव’ म्हणाला असता, कारण तुमची आई आणि मामा दोघंही मला ‘तू’च म्हणतात.

म्हणजे बघा, बाप-लेकांमध्ये जी एक बारीक तार उरली होती ती त्या डबीतून जात होती. टिकलीला काही झालं असतं तर मामा मला नक्कीच फोन करत राहिला असता. पण त्याने ‘कुणी मोजलं’ असं विचारण्यासारखं घरात काहीच राहिलं नसतं. मी झाकण उघडताना श्वास का रोखून धरायचे, ते यावरून समजा.

आणि टिकली वाढत होती. टिकलीची आठ आण्याएवढी झाली, मग पाय पसरले तर लिंबू झाकलं जाईल एवढी. डबीतून बरणीत, बरणीतून काचेच्या पेटीत गेली. कोपऱ्यात कधीकधी चुरगळलेलं, सुकल्या पायांसारखं काही सापडायचं. ते रातकिड्याचं उष्टं समजून मी स्वच्छतेच्या हौसेने केरात टाकायचे. ते काय होतं, हे नंतर कळलं.

पुढच्या वर्षी दिवाळीच्या आसपास, हलकं, म्हणजे लवकर येणारं धान कापून झालं आणि उशिरा येणारं भारी धान पिवळं पडायला लागलं, तेव्हा तिने खाणं सोडलं. रातकिडा तिच्या पायावरून चालत गेला तरी ती ढिम्म. मामा फोनवर म्हणाला, “कात टाकायची असेल तर असं होतं, आई. खात नसेल तर देऊ नकोस.” मी द्यायचं थांबवलं. पण आपल्या गल्लीला कोण थांबवणार?

शेजारच्या यशोदाबाईंना तुम्ही फोनवर पाहिलं आहे, त्या तुम्हाला वाळवलेली मासोळी दाखवून “पाठवू का?” विचारतात त्या. त्यांच्या घरी तलावाची मासेमारी आणि थोडी शेती. आमच्या गल्लीची एक रीत आहे. कुणाचं लेकरू जेवेनासं झालं, की शेजारचं प्रत्येक घर एकेक घास आणून देतं. आपल्या घरचं नको झालं तरी दुसऱ्याच्या घरचं गोड लागतं, असा त्यामागचा विचार. मी इथे आल्यावर तापाने आजारी पडले तेव्हा माझ्या उशाशीही वाट्यांची रांग लागली होती, आणि खरं सांगते, मी यशोदाबाईंच्या वाटीतल्या झिंग्यांनीच उठून बसले.

“काऊन जी मॅडम, पोरगी खाऊन नाई राह्यली म्हणते?” यशोदाबाई दारातूनच म्हणाल्या.

“कात टाकणार आहे. तिला सध्या काही द्यायचं नाही.”

“मुकी आहे म्हणून उपाशी ठेवता का? एकाच पदार्थानं तोंडाले चव नाई राहत. तुमी रोज वरणभातच खाल का?”

दुसऱ्या दिवसापासून घास यायला लागले. पलीकडच्या घरातून काडेपेटीत एक झुरळ आलं. समोरून उकडलेल्या अंड्याचा तुकडा आला. कुणी दहीभातही आणला, बारीक कालवून. मी प्रत्येकाचे आभार मानले आणि सगळं परत केलं. प्रेमाचा घास परत करणं किती अवघड असतं ते तुम्हाला माहीत नाही, कारण तुम्ही माझा एकही लाडू परत केलेला नाही. आपल्याकडे माया दाखवायची म्हणजे वाढायचं. भूक आहे का, हे विचारणंसुद्धा जरा कमी मायेचं समजतात. मीही फोनवर तुम्हाला पहिला प्रश्न जेवणाचाच विचारते, तुमच्याकडे सकाळचे सहा वाजले असले तरी.

अशाच एका दुपारी मी मागच्या अंगणात धान्याला ऊन देत होते. आतून आजोबांची हाक आली, आणि ती हाक त्यांची नेहमीची नव्हती. मी गेले. यशोदाबाई शेतातून आलेल्या तशाच, डोक्याला फडकं बांधलेल्या, पेटीपाशी उभ्या होत्या. आत टिकली पाठीवर पडलेली होती. आठही पाय वर, किंचित दुमडलेले.

“मेली जी,” यशोदाबाई हळूच म्हणाल्या. “उपाशीच गेली माय.”

मलाही तसंच वाटलं. घरात मरून पडलेला प्रत्येक कोळी आपण असाच उलटा पाहिलेला असतो. कात टाकणं म्हटलं की आम्हाला बांधावरचे साप आठवत होते, पुढे सरकत, कात मागे सोडत जाणारे. कुणी मरणासारखं पडून कात टाकतं, हे आमच्या कल्पनेत नव्हतं. यशोदाबाई म्हणाल्या, तुळशीपाशी नको, आंब्याखाली खड्डा करू. आजोबा खुर्चीवर बसले. मग उठले, माझ्या हातातून फोन घेतला आणि स्वतः नंबर लावला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.

पलीकडून मामाचा आवाज आला, “आई?”

“मी आहो,” आजोबा म्हणाले. “सुजू, तुही पोरगी गेली रे. पाठीवर पडली.”

मग मामा एकदम जोरात बोलला, “बाबा, हात लावू नका! ती जिवंत आहे. मेलेली पाय पोटाखाली घेऊन बसते. पाठीवर पडून ती कात टाकते. व्हिडिओ लावा. आणि आत काही किडा तर नाही ना?”

“नाही,” मी मागून म्हणाले.

आजोबांनी यशोदाबाईंकडे पाहिलं. यशोदाबाईंनी छताकडे पाहिलं.

“एक टोळ आहे,” आजोबा म्हणाले. “आताच टाकला. यशोदाबाईनं आणला, दुधीच्या वेलावरचा, फवारणीचा नोहे. मी झाकण उघडून टाकला.”

तेव्हा मला दोन गोष्टी एकदम कळल्या. एक, टिकली जिवंत आहे. दोन, कोळ्याला घाबरणाऱ्या माझ्या नवऱ्याने, तिला भूक लागली असेल म्हणून, डोळे मिटून का होईना, तिच्या पेटीचं झाकण उघडलं होतं.

“बाबा, तो टोळ आधी काढा,” मामा म्हणाला. “कात टाकताना तिचं अंग लोण्यासारखं मऊ असतं. तिला हलता येत नाही. टोळ तिला कुरतडेल.”

टोळ पेटीच्या मागच्या काचेला चिकटून बसला होता, जाडजूड, हिरवा, मिशा हलवत. माझ्या हाताला तेव्हाच कंप सुरू झाला होता, चहाची बशीसुद्धा वाजायची. यशोदाबाईंनी पदर खोचला. “मी काढू का जी?”

“बाबांनाच काढू द्या,” मामा म्हणाला. “बाबा, तुमचा हात हलत नाही. मी लहानपणी पाहिलाय.”

आजोबांनी चष्मा पुसला. लांब चिमटा घेतला. मी फोन धरला होता, म्हणजे त्या वाळवंटातल्या खोलीत मामाला पेटीचं चित्र हिंदकळत दिसत असणार. आजोबांचा हात आत गेला, टिकलीच्या पायांवरून, वीतभर अंतरावरून. टोळाने उडी मारली आणि तिच्या अगदी शेजारी बसला. यशोदाबाई “बापा!” म्हणाल्या. आजोबा म्हणाले, “चूप.” चिमटा परत वळला. बॉयलरच्या झडपा ज्या सावकाशीने फिरवायचे असतील त्या सावकाशीने तो खाली आला, मिटला आणि टोळासकट वर आला. आजोबांनी टोळ खिडकीबाहेर सोडला, झाकण लावलं, आणि मग खुर्चीवर बसून कपाळाचा घाम पुसला.

“निघाला?” मामाने विचारलं.

“निघाला न. काऊन नाई निघन?”

त्यानंतर आम्ही चौघांनी टिकलीला कात टाकताना पाहिलं, तिघं इथून आणि एक तिथून. आधी बराच वेळ काहीच होत नाही. मग पाठीवरचं कवच डब्याच्या झाकणासारखं उचललं जातं. मग पाय. ओल्या, तंग हातमोज्यातून बोटं काढावीत तसे ती ते एकेक ओढून काढते, थांबते, परत ओढते. यशोदाबाईंनी न राहवून बाळंतिणीला म्हणतात तसं “हं, हं, अजून थोडं माय” असं म्हणायला सुरुवात केली. शेतातून त्यांना बोलावणं आलं तर त्यांनी निरोप पाठवला, “पाहुणी मोकळी होऊन राह्यली, थांबा म्हणा.”

त्या मधल्या वेळात फोन चालूच होता. बोलायला काही नव्हतं म्हणून आजोबांनी विचारलं, तिकडे सौर पट्ट्यांच्या काचांवर धूळ बसते ती कशाने पुसता? मामाने सांगितलं. आजोबा म्हणाले, पाणी वाया जात असेल. मामा म्हणाला, कोरडे ब्रश आहेत. मग पट्ट्यांचं तापमान किती जातं, त्या तापल्या की वीज कमी होते का, हे सगळं निघालं. आजोबा म्हणाले, “म्हणजे तुमच्या इथीबी रीडिंग घ्या लागते?” मामा हसला. मी फोन पाण्याच्या तांब्याला टेकून उभा केला आणि चहा ठेवायला गेले. माझी आता गरज नव्हती.

टिकली सावकाश उलटून पायांवर उभी राहिली तेव्हा उन्हं कलली होती. ती मोठी दिसत होती, आणि नवी, मखमलीसारखी. शेजारी तिची जुनी ती पडली होती, जशीच्या तशी, फक्त आत कुणी नाही. उष्टं समजून मी केरात टाकत आले होते ते हेच, तिच्या आधीच्या काती. तिचे दात पांढरे होते. ते काळे आणि कठीण होईपर्यंत खायला द्यायचं नाही, असं मामाने बजावलं. यशोदाबाईंना हे मुळीच पटलं नाही. “एवढे कष्ट करून अजून उपास?” पण या वेळी त्यांनी घास आणला नाही. उलट गल्लीत कुणी काडेपेटी घेऊन येताना दिसलं की त्या अंगणातूनच ओरडायच्या, “दात कच्चे आहेत तिचे! जा वापस.”

तर मुलांनो, आता ती खात नाही, तिचं पोट काळपट, तुकतुकीत दिसतं आहे, आणि तिने जमिनीवर जाळ्याची पांढरी सतरंजी अंथरली आहे. झोपायची तयारी झाली. पेटीत एकही किडा नाही, पाण्याचं झाकण भरलेलं आहे. तुम्हाला ती उलटी पडलेली दिसली तर घाबरू नका आणि खाऊ पाठवू नका. या जातीच्या माद्या बरीच वर्षं जगतात. तुम्ही मोठे होऊन एकटे विमानाने याल तेव्हाही ती इथे असेल, असा माझा हिशेब आहे. तिला हातावर मात्र मिळणार नाही.

माझ्या मसाल्यांच्या कपाटात, वरच्या फळीवर, एका बरणीत तिच्या त्या दिवसापासूनच्या सगळ्या काती कापसावर ठेवल्या आहेत, लहान मागे, मोठ्या पुढे. बरणीवर लेबल आहे. टिकली पेटीत आहे. यशोदाबाई कापणीला गेल्या आहेत. रविवारी दुपारी राजस्थानातून फोन येतो, आणि तो तुमचे आजोबा उचलतात.

तुमची,
आजी